वृत्त क्रमांक ५८६

शाळेत वृत्तं शिकलेल्या माणसाला बाकी काही आठवो न आठवो, ‘यमाताराजभानसलगा’ आठवतंच. लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षर, एक मात्रा. गुरू म्हणजे दीर्घ, दोन मात्रा. अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर ऱ्हस्वही गुरूच धरायचं. ओळीचे तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, आणि कुठला गण कसा हे विसरलं की या दहा अक्षरांत त्याचं अक्षर शोधून तिथून सलग तीन अक्षरं म्हणायची. य गण? ‘यमाता’: लघू, गुरू, गुरू. ज गण? ‘जभान’: लघू, गुरू, लघू. परीक्षेपुरतं एवढं पुरायचं, आणि परीक्षा संपली की वृत्तं वह्यांबरोबर माळ्यावर जायची.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवस ऱ्हस्व-दीर्घ बघण्यात जातो, त्यामुळे एकदा या दहा अक्षरांकडेही मी कामाच्याच नजरेनं बघितलं. इथे एखादं अक्षर फालतू आहे का? एखादं गाळता येईल का?

नाही येत. आणि का येत नाही हे समजलं तेव्हा, गणित सोडून इतकी वर्षं झाल्यावर, गणितातली मजा म्हणतात ती ही असावी असं पहिल्यांदा वाटलं.

बघा. दोन प्रकारची अक्षरं तीन जागी ठेवायची, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ रचना. गण आठच का, याचं उत्तर इथेच मिळतं. नववा गण कुणी कितीही प्रतिभावान असला तरी काढू शकणार नाही. हे आठ गण सुटे लिहिले तर चोवीस अक्षरं लागतील. इथे दहांत काम झालंय, कारण एका गणाची शेवटची दोन अक्षरं पुढच्या गणाची पहिली दोन होतात. यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. आठही रचना आल्या, एकही दोनदा आली नाही. आता दहांच्या जागी नऊ अक्षरं घ्या: सलग तीनचे गट सातच पडतील, एक गण बाहेर राहील. म्हणजे दहा ही काटकसरीची शेवटची पायरी आहे. त्यातही शेवटचे ‘ल’ आणि ‘गा’ हे पहिल्या ‘य’ आणि ‘मा’सारखेच, आधी लघू मग गुरू. तेव्हा शेवटची दोन काढून उरलेली आठ अक्षरं गोलाकार मांडली तरी भागतं. वर्तुळात आठ अक्षरं, आठ गण, कुठूनही सुरुवात करा.

हे पाठ करताना असं काही असेल याची मला कल्पना नव्हती, आणि शिकवणाऱ्यांनाही बहुधा नसावी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मराठीच्या तासाला वृत्त आणि गणिताच्या तासाला घातांक, मध्ये मधली सुट्टी, अशीच शाळा असते.

अशा साखळ्यांना आज गणितात द ब्रॉइन क्रम म्हणतात, निकोलास द ब्रॉइन या डच गणितज्ञाच्या नावावरून. त्याचा निबंध १९४६ चा. त्याच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, कामिय फ्लाय सेंट-मारी या फ्रेंच माणसानं अशा साखळ्या किती प्रकारच्या असू शकतात ते मोजून ठेवलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. उपयोग विचाराल तर एक चोरटा उपयोग लगेच सांगता येतो. चार आकडी सांकेतिक क्रमांकाचं कुलूप आहे, आणि ते फक्त शेवटची चार बटणं बघतं. सगळे क्रमांक करून बघायचे तर १०,००० गुणिले चार, म्हणजे ४०,००० वेळा बटण दाबावं लागेल. यमाताच्या युक्तीनं १०,००३ वेळा पुरे. जनुकक्रम वाचताना हाती आलेले बारीक तुकडे जोडून सलग साखळी उभी करतात, तिथेही हीच कल्पना राबते.

इथे थांबून ‘बघा, आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणायचा मोह होतो. मला तो प्रकार कंटाळवाणा वाटतो. कुणी आधी केलं हा वारसदारांच्या भांडणाचा प्रश्न झाला. शिवाय छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाच्या सूत्रांत ही दहा अक्षरं नाहीतच. ती पाठांतर करणाऱ्यांच्या तोंडून पुढे आली. कुणीतरी गंमत म्हणून, किंवा पोरांच्या सोयीसाठी, जुळवाजुळव करत बसलं असेल. ते बसणं मला जास्त ओळखीचं वाटतं.

पिंगलानं जे केलं ते वेगळं, आणि माझ्या मते त्याहून विलक्षण. त्याचं छंदःशास्त्र इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतलं, सूत्रं इतकी आखडलेली की टीकाकाराशिवाय कळू नयेत. शेवटच्या अध्यायात तो छंद बाजूला ठेवतो आणि विचारतो: इतक्या अक्षरांची एकूण वृत्तं किती होऊ शकतील? त्यांची यादी कशी लिहायची? यादीतली ओळ पुसली गेली तर नुसत्या क्रमांकावरून ती परत कशी मिळवायची? आणि ओळ हातात असेल तर तिचा क्रमांक कसा शोधायचा? यादी म्हणजे प्रस्तार, पुसलेली ओळ म्हणजे नष्ट, आणि क्रमांक शोधणं म्हणजे उद्दिष्ट.

तीन अक्षरांचा प्रस्तार असा, ‘ल’ म्हणजे लघू आणि ‘गा’ म्हणजे गुरू: गागागा, लगागा, गालगा, ललगा, गागाल, लगाल, गालल, ललल. पहिलं अक्षर दर ओळीला पालटतं, दुसरं दोन ओळींनी, तिसरं चार ओळींनी. गणांची नावं लावली तर म, य, र, स, त, ज, भ, न.

नष्टाची रीत वाचूनच सोडून दिली तर काही हाती लागत नाही, करून बघायला हवी. क्रमांक सम असेल तर ‘ल’ लिहा आणि निम्मा करा. विषम असेल तर ‘गा’ लिहा, एक मिळवा आणि निम्मा करा. हवी तेवढी अक्षरं होईपर्यंत हेच. समजा बारा अक्षरांच्या प्रस्तारातली ५८६ वी ओळ पुसली गेलीय. ५८६ सम: ल, उरले २९३. विषम: गा, १४७. विषम: गा, ७४. सम: ल, ३७. गा, १९. गा, १०. ल, ५. गा, ३. गा, २. ल, १. आता एक विषम, त्यात एक मिळवून निम्मे केले की परत एकच: गा. आणि पुन्हा गा.

सगळं ओळीनं वाचा: लगागा लगागा लगागा लगागा.

गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा. भुजंगप्रयात, चार य गण. मनाच्या श्लोकांतली ही चाल महाराष्ट्रात कुणाला शिकवावी लागत नाही, आणि ती एका यादीत ५८६ व्या जागी कुणीही न बोलावता उभी आहे. संगणक शास्त्रातली माणसं म्हणतील, यात काय, हे द्विमान अंकलेखन आहे, शून्य आणि एक. असेल. पण मी आकडे निम्मे करत गेले आणि समर्थांची चाल बाहेर आली, त्याचं काय करायचं?

मग चाळा लागला. उलट रीत, उद्दिष्टाची, तितकीच सोपी: अक्षरांवर ओळीनं १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे आकडे लिहायचे, लघूंवरचे तेवढे मिळवायचे, त्यात एक घालायचा. स्रग्विणी म्हणजे चार र गण, गालगा गालगा गालगा गालगा. तिचा क्रमांक आला ११७१. तोटक म्हणजे चार स गण: १७५६. तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. ११७१ वजा ५८६: ५८५. १७५६ वजा ११७१: ५८५. चार म गण, म्हणजे बाराही गुरू, ही यादीतली पहिलीच ओळ. १ आणि ५८६ यांतही अंतर ५८५. म्हणजे एकच गण चारदा घेऊन होणारी आठही वृत्तं या यादीत अगदी सारख्या अंतरावर आहेत: १, ५८६, ११७१, १७५६, २३४१, २९२६, ३५११ आणि ४०९६. शेवटचं चार न गणांचं, सगळे लघू. तिथे यादीही संपते, कारण बारा अक्षरांची वृत्तं ४०९६ च.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक गण मागच्या गणापेक्षा आठपट वजनाच्या जागांवर बसतो, आणि १, ८, ६४, ५१२ यांची बेरीज ५८५. गणाचा प्रस्तारातला क्रमांक एकानं वाढला की वृत्ताचा ५८५ नं वाढणारच. तज्ज्ञाला यात नवल वाटणार नाही. पण कारण कळल्यावर गंमत कमी होते हा समज मात्र माझा तरी त्या दिवशी गेला. आधी नुसता योगायोग होता. कारण कळल्यावर असं वाटलं की हे दुसरं काही होऊच शकलं नसतं, आणि ते वाटणं योगायोगापेक्षा जास्त सुखाचं आहे.

इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा या दोघींत फरक फक्त पहिल्या अक्षराचा, इंद्रवज्रेचं गुरू, उपेंद्रवज्रेचं लघू. अकरा अक्षरांच्या यादीत त्यांचे क्रमांक ३५७ आणि ३५८. सख्ख्या शेजारणी. कवींनी त्या इतक्या सहज मिसळल्या की त्या मिश्रणाला उपजाती असं वेगळं नाव पडलं. चार चरणांत प्रत्येक चरण या दोघींपैकी कुठलाही असू शकतो, म्हणजे सोळा प्रकार. त्यांतले दोन निर्भेळ, म्हणून उपजातीचे प्रकार चौदा. हे चौदा परंपरेनं नाव देऊन मोजलेले आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. ४०९६ पैकी कवींनी वापरलेली वृत्तं किती? मूठभर. शार्दूलविक्रीडित एकोणीस अक्षरांचं. तेवढ्या अक्षरांची वृत्तं ५,२४,२८८ होतात आणि त्यांतल्या बहुतेकांत कुणीही कधी एक ओळ लिहिली नसेल. कवीला जी गोड लागते ती चाल हवी असते. पिंगलाला सगळ्या हव्या आहेत, बेसूर, अडखळणाऱ्या, कुणाच्याही जिभेवर न बसणाऱ्यासुद्धा. आवडनिवड बाजूला ठेवून ‘सगळं’ डोळ्यांपुढे आणायचं, आणि एकही सुटलं नाही, एकही दोनदा आलं नाही याची खात्री करायची. ही भूक कवीची नव्हे. पण कवितेशिवाय ती इथे जागीही झाली नसती.

भास्कराचार्यांनी ती जेवणाच्या ताटातच आणून ठेवली. लीलावतीत, म्हणजे ११५० साली, प्रश्न आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांतून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती पदार्थ होतील? एका रसाचे ६, दोन रसांचे १५, तिनाचे २०, चारांचे १५, पाचांचे ६, सहांचा १. एकूण ६३. हे वाचल्यापासून मी स्वयंपाकघरात बिघडले आहे. चिंचगुळाची आमटी चार रसांच्या पंधरांपैकी एक. पाडव्याची कडुनिंबाची चटणी, गूळ, चिंच, मीठ आणि मिरी घातलेली, ही पाच रसांच्या सहांपैकी. तिच्यात तुरट तेवढा नाही. आणि यादीत नुसता कडू-तुरट असाही एक पदार्थ आहे, जो कुणाच्याही सासूनं कधी केला नसेल. भास्कराचार्य त्याला वगळत नाहीत.

याच पुस्तकात ते गायत्री छंदाच्या चोवीस अक्षरांचे एकूण प्रकारही मोजतात: १,६७,७७,२१६. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास त्याचा शिलालेखही कोरला गेला. हा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याच सिंघणाच्या देवगिरीला शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला, त्यात सात स्वरांच्या ५०४० ताना मांडायच्या, पुसलेली तान क्रमांकावरून शोधायची, याच्या रीती आहेत. प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट, शब्दसुद्धा तेच. हे दोघे दौलताबादच्या चढावर कधी समोरासमोर आले असतील का, असा विचार मला उगाच येतो.

सहा रसांचे ते आकडे, एकही रस न घेण्याचा १ सुरुवातीला धरून, १, ६, १५, २०, १५, ६, १ असे होतात. सहा अक्षरांत एकही गुरू नसलेली ओळ एक, एक गुरू असलेल्या सहा, दोन असलेल्या पंधरा, हाच हिशेब. दहाव्या शतकातल्या हलायुधानं पिंगलाच्या एका सूत्रावर टीका लिहिताना त्याची आकृती सांगितली: वर एक घर, खाली दोन, त्याखाली तीन, कडांना एक-एक, आणि आतल्या घरात डोक्यावरच्या दोन घरांची बेरीज. तिला मेरुप्रस्तार म्हणतात. शाळेत आम्ही तो पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकलो, सतराव्या शतकातल्या माणसाच्या नावानं. नाव कुणाचंही असो, पोराला त्याची पहिली ओळख (क + ख)² च्या विस्तारातून करून देण्याऐवजी सहा रसांतून करून दिली तर ते निदान पळून जाणार नाही.

आतापर्यंत अक्षरं मोजली. मराठीत मात्रा मोजून चालणाऱ्या रचनाही भरपूर, म्हणून तिकडेही गेले. चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतात? गागा, ललगा, लगाल, गालल, लललल. पाच. एका मात्रेची तऱ्हा एक, दोनाच्या दोन, तिनाच्या तीन, चाराच्या पाच, पाचाच्या आठ, सहाच्या तेरा. आठ मात्रांच्या आवर्तनाच्या चौतीस. प्रत्येक आकडा मागच्या दोन आकड्यांची बेरीज, आणि कारण एका वाक्याचं: ओळ लघूवर संपत असेल तर तो काढल्यावर एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरूवर संपत असेल तर दोन मात्रा कमी असलेली, तिसरा शेवटच नाही. प्राकृत छंदांवर लिहिणाऱ्या विरहांकानं हे सांगितलं, नंतर गोपाल आणि हेमचंद्र यांनीही. जग या आकड्यांना फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावानं ओळखतं; त्याचं पुस्तक १२०२ चं, त्यातलं सशांच्या वाढत जाणाऱ्या जोड्यांचं कोडं जगप्रसिद्ध. मला ते कोडं थोडं ओढूनताणून केलेलं वाटतं, त्यातले ससे मरतच नाहीत. मात्रांना हे आकडे न ओढता लागू पडतात. सूर्यफुलातल्या बियांच्या वळणांतही ते खरंच मोजता येतात. बाकी प्रत्येक शंखावर, देवळावर आणि सुंदर चेहऱ्यावर या आकड्यांशी नातं असलेल्या सोनेरी गुणोत्तराच्या रेघा ओढलेली चित्रं फिरत असतात, त्यांवर माझा विश्वास नाही. जाड रेघ कुठेही बसवता येते.

असं वाचन फार हळू होतं. कादंबरीची पन्नास पानं होतील तेवढ्या वेळात इथे अर्धं पान होतं, आणि हातात पेन्सिल नसेल तर तेही नाही. मला त्याची सवय प्रुफांमुळे होती. कविता वाचणाऱ्यांनाही असते, आठ ओळींपाशी संध्याकाळभर बसणं त्यांना जड जात नाही. मी बघितलंय की ‘मला गणित येत नाही’ हे सगळ्यांत ठासून सांगणारी माणसं बरेचदा हीच असतात. येत नाही म्हणजे आकडेमोड जलद होत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. जलद करायला इथे कुणी सांगितलंय?

शेवटी चार अक्षरांवर गेले. यमाताराजभानसलगा तीनांची साखळी झाली; चारांच्या रचना सोळा, त्यांची साखळी गोलाकार सोळा अक्षरांची, सरळ लिहिली तर एकोणीस. तीनांच्या वर्तुळाकार साखळ्या दोनच प्रकारच्या होतात, चारांच्या सोळा. त्यांतली एक निवडली आणि तिच्यात अर्थाचं वाक्य बसतं का बघितलं. बरीच कागदं फुकट गेल्यावर हे जमलं:

आजीबाई हसत उठे, मग सारे घरात आनंदी.

कवितेच्या हिशेबात ओळ सुमार आहे, ते मलाही दिसतं. पण कुठूनही सलग चार अक्षरं उचला. ‘आजीबाई’ चार गुरू. ‘हसत उ’ चार लघू. ‘उठे मग’ लघू, गुरू, लघू, लघू. ‘रात आनं’ गुरू, लघू, गुरू, गुरू. सोळाही रचना एकेकदा येतात, आणि ‘आनंदी’चे तीन गुरू ‘आजीबा’च्या तीन गुरूंवर बसून साखळी मिटते. पाचांच्या रचना बत्तीस, साखळी छत्तीस अक्षरांची, आणि प्रकार २०४८, त्यामुळे निवडीला वाव भरपूर. माझी अजून ‘लगागागा’च्या पुढे सरकलेली नाही, कुणाची पूर्ण झाली तर नक्की पाठवा.